शब्द शेजारचे, अर्थ दूरचे
व्यापारी कागदांतील इंग्रजी शब्दांचा फरक

आपल्यातील बरेच व्यापारी आणि कारागीर उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेले आहेत. हिशोब तोंडपाठ असतो आणि मालाची पारख पक्की असते. ठाण हातात घेतले की सूत कोणते, रंग पक्का की कच्चा हे लगेच सांगता येते. पण धंद्याचा कागद समोर आला की गाडी अडते, कारण बँकेचा फॉर्म, जीएसटीचे बिल, गाळ्याचा करार, मोठ्या पार्टीची परचेस ऑर्डर हे सगळे इंग्रजीत असते. मग आपण मुलाला विचारतो, नाही तर मुनीमजींना. तेही "एकच आहे हो" असे सांगून सही करायला लावतात.

एकच नसते, हेच या लेखात सांगायचे आहे. इंग्रजीत असे पुष्कळ शब्द आहेत जे ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात, पण कायद्यात आणि हिशोबात त्यांचा अर्थ वेगळा असतो. एका शब्दाने पैसे परत मिळतात, तर त्याच्या शेजारच्या शब्दाने बुडतात. गंमत अशी की हा फरक आपल्या बाजाराला नवा नाही. बयाणा आणि उचल, गवाह आणि जामीन, अमानत आणि रेहन, जांगड आणि विक्री हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी एकमेकांत मिसळले नाहीत. इंग्रजी पोशाख चढला म्हणून ते आपल्याला ओळखू येत नाहीत, इतकेच. खाली रोजच्या कामात येणाऱ्या शब्दांच्या जोड्या दिल्या आहेत. कागद सही करण्यापूर्वी त्या आठवाव्यात.

एस्टिमेट, कोटेशन, प्रोफॉर्मा

एस्टिमेट म्हणजे अंदाज. शंभर पडदे शिवायला साधारण इतका खर्च येईल, असे सांगणे म्हणजे एस्टिमेट. पुढे खर्च थोडा कमी-जास्त झाला तरी शब्द मोडला असे होत नाही. कोटेशन म्हणजे ठरवून दिलेला भाव. समोरच्याने ते ज्या शर्तींवर दिले त्याच शर्तींवर मान्य केले की साधारणपणे सौदा झाला असे धरले जाते. नंतर सूत महागले म्हणून भाव वाढवून मागता येत नाही.

म्हणून भावाची खात्री नसेल तर कागदावर ‘एस्टिमेट’ लिहावे. कोटेशन द्यायचेच असेल तर त्यावर मुदत घालावी, म्हणजे ‘हा भाव १५ दिवसांपुरता’. सुताचे भाव आठवड्याला हलतात. मुदत नसलेले कोटेशन हे उघड्या दुकानासारखे आहे, कोणीही केव्हाही आत शिरतो.

प्रोफॉर्मा इनव्हॉइस हा तिसरा प्रकार आहे. दिसायला तो बिलासारखा असतो, पण बिल नसतो. माल कसा, किती आणि काय भावाने जाईल याचा तो आगाऊ नमुना आहे. बँकेला किंवा परदेशी खरेदीदाराला दाखवण्यासाठी तो मागतात. त्यावरून उधारी उभी राहत नाही आणि जीएसटीची वजावटही मिळत नाही.

चलन, इनव्हॉइस, बिल ऑफ सप्लाय, रिसीट

डिलिव्हरी चलन सांगते की माल इथून तिथे गेला. तो विकला असे ते सांगत नाही. रंगाईला, छपाईला, भरतकामाला माल पाठवताना चलन लागते. माल तुमचाच राहतो, फक्त हात बदलतो. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. तसे झाले नाही तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवला असे धरले जाते आणि कर लागतो. म्हणून चलनांची फाईल वेगळी ठेवावी आणि तारखा पाहत राहावे.

टॅक्स इनव्हॉइस म्हणजे करासहित विक्रीचे बिल. ते नोंदणीकृत व्यापारीच देऊ शकतो. बिल ऑफ सप्लाय म्हणजे कर न लावता दिलेले बिल. कंपोझिशन योजनेतला व्यापारी किंवा करमाफ माल विकणारा ते देतो. कंपोझिशनवाल्याने गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नसतो, आणि त्याच्या बिलावर घेणाऱ्याला वजावट मिळत नाही. घाऊक खरेदीत ‘बिल मिळाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते बिल मिळाले ते पाहावे.

रिसीट म्हणजे पैसे पोचल्याची पावती. बिल हातात असणे म्हणजे पैसे दिले असे सिद्ध होत नाही. बिल सांगते की इतके देणे आहे, आणि पावती सांगते की इतके मिळाले. रोखीने पैसे देताना लाजेपोटी पावती मागायची राहते. एतबार जरूर ठेवावा, पण पावती घेतल्याने एतबार कमी होत नाही. उलट दोघांपैकी एकाचे काही बरेवाईट झाले तर वारसांमध्ये भांडण होत नाही.

सेल, कन्साइनमेंट, अप्रूव्हल

जांगड हा शब्द आपल्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. माल पसंतीसाठी दिला, आवडला तर ठेवा, नाही तर परत करा. इंग्रजीत याला ‘ऑन अप्रूव्हल’ किंवा ‘सेल ऑर रिटर्न’ म्हणतात. १९३० च्या माल विक्री कायद्यात याचा नियम दिलेला आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा माल स्वतःचा असल्यासारखा वापरला, किंवा ठरलेली मुदत उलटूनही नापसंती न कळवता ठेवून घेतला, की माल त्याचा झाला आणि पैसे देणे लागू झाले. मुदत ठरलेली नसेल तर ‘वाजवी मुदत’ धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद होतो. म्हणून जांगड चिठ्ठीवर दिवस लिहावेत. जीएसटीतही जांगड माल बाहेर गेल्यापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांत बिल करावे लागते, मग निर्णय झालेला असो वा नसो.

कन्साइनमेंट वेगळे. त्यात समोरचा स्वतः खरेदी करत नाही, तो तुमच्या वतीने विकतो आणि आपली आडत घेतो. माल विकला जाईपर्यंत तुमचाच असतो. तो न खपता पडून राहिला तर नुकसान तुमचे. सेल म्हणजे सरळ विक्री, माल गेला आणि मालकीही गेली. समजा एखाद्या दुकानदाराचे दिवाळे निघाले. त्याच्याकडे तुमचा माल ‘कन्साइनमेंट’ म्हणून लिहिलेला असेल तर तुम्ही माझा माल परत द्या म्हणू शकता. ‘सेल’ लिहिले असेल तर तुम्ही इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहता. फरक एका शब्दाचा आहे.

ॲडव्हान्स, डिपॉझिट, अर्नेस्ट मनी

तिन्हींत पैसे आधी दिले जातात, म्हणून आपण सर्वांना ‘ॲडव्हान्स’ म्हणून मोकळे होतो. पण अर्नेस्ट मनी म्हणजे बयाणा किंवा इसार. सौदा पाळण्याची ती खूण असते. सौदा पुरा झाला तर ती किमतीत जमा होते. खरेदीदाराने सौदा मोडला आणि करारात तशी शर्त असेल तर विकणारा ती ठेवून घेऊ शकतो. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या खटल्यात बयाण्याची ही लक्षणे स्पष्ट केली. त्या सौद्यात पंचवीस टक्के रक्कम आधी भरलेली होती. बाकी पैसे न भरल्याने ती जप्त झाली, आणि न्यायालयाने ते योग्य ठरवले.

ॲडव्हान्स म्हणजे किमतीचा एक भाग आगाऊ दिलेला. सौदा मोडला तर तो सबंध गिळता येत नाही. झालेले खरे नुकसान सोडून बाकी परत मागता येते. डिपॉझिट ही बहुतेक वेळा अमानत असते. गाळ्याचे डिपॉझिट, रिकाम्या पेट्यांचे डिपॉझिट काम संपल्यावर परत मिळायचे असते. पैसे देताना पावतीवर यांपैकी कोणता शब्द आहे ते वाचा. सौद्याची खात्री नसेल आणि समोरचा ‘अर्नेस्ट’ लिहीत असेल तर रक्कम लहान ठेवा. तुम्ही विकणारे असाल आणि गिऱ्हाईक ऐनवेळी पलटण्याची भीती असेल, तर ‘अर्नेस्ट’ शब्द आणि जप्तीची शर्त दोन्ही लिहून घ्या.

डिस्काउंट, रिबेट, कमिशन

डिस्काउंट म्हणजे वटाव. भावातच किंवा बिलातच कमी केलेली रक्कम. त्यातही दोन जाती आहेत. जास्त माल घेतला म्हणून दिलेला तो ट्रेड डिस्काउंट, आणि लवकर पैसे दिले म्हणून दिलेला तो कॅश डिस्काउंट. रिबेट ही नंतर परत मिळणारी सूट असते, जसे वर्षभरात ठरलेली खरेदी झाली तर वर्षाअखेर मिळणारी. कमिशन म्हणजे काम केल्याचा मोबदला. आडत्या किंवा दलाल ते घेतो, खरेदीदार नाही.

जीएसटीत हा फरक खिशाला लागतो. बिलावर दाखवलेला वटाव किमतीतून वजा होतो आणि कर उरलेल्या रकमेवर लागतो. बिल झाल्यावर दिलेल्या सुटीसाठी क्रेडिट नोट आणि आणखी काही शर्ती लागतात, त्या आपल्या हिशोबनिसाकडून समजून घ्याव्यात. कमिशन ही तर वेगळी सेवाच आहे, तिचा कर वेगळा. म्हणजे दलालाला दिलेली रक्कम बिलात ‘डिस्काउंट’ म्हणून घुसडली तर उद्या तपासणीत उत्तर देता येणार नाही.

याच रांगेत मार्जिन आणि मार्कअप हे दोन शब्द येतात. शंभर रुपयांचा कपडा सव्वाशेला विकला. नफा पंचवीस रुपये. खरेदीवर मोजला तर पंचवीस टक्के, हा मार्कअप. विक्रीवर मोजला तर वीस टक्के, हा मार्जिन. नफा तोच, टक्के वेगळे. मोठी दुकाने ‘आम्हाला चाळीस टक्के मार्जिन हवे’ म्हणतात तेव्हा ते विक्रीच्या भावावर बोलत असतात. कारागिराने साठ रुपयांच्या वस्तूवर चाळीस टक्के चढवून विक्रीभाव चौऱ्याऐंशी धरला, तर त्या भावातून दुकान आपले चाळीस टक्के म्हणजे तेहतीस रुपये साठ पैसे काढून घेईल. कारागिराच्या हाती पन्नास रुपये चाळीस पैसे उरतील, म्हणजे लागतही निघणार नाही. साठ रुपये पदरात पडायचे असतील तर दुकानातला भाव शंभर हवा. आधी विचारावे की टक्के कशावर?

रिसीव्हड आणि ॲक्सेप्टेड

माल आल्यावर ट्रकवाला चलन पुढे करतो आणि आपण सही ठोकतो. ‘रिसीव्हड’ म्हणजे माल मिळाला. ‘ॲक्सेप्टेड’ म्हणजे माल तपासून मान्य केला. पहिल्याने तक्रारीचा हक्क जात नाही, दुसऱ्याने जातो किंवा फार कमजोर होतो. माल विक्री कायद्यात खरेदीदाराला तपासणीची वाजवी संधी आहे. पण काही न कळवता माल वाजवी मुदतीपेक्षा जास्त ठेवला किंवा कापून विकायला काढला, तर तो स्वीकारला असेच धरतात. गाठी मोजल्याशिवाय उतरवून घ्यायच्या असतील तर सहीजवळ ‘माल तपासणे बाकी’ एवढे तीन शब्द लिहावेत. मराठीत लिहिले तरी चालते.

माल पुरवणाऱ्यांनाही यात एक आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ. यंत्रमागवाले, जरीवाले, शिलाईवाले यांनी उद्यम नोंदणी करून बिलावर तिचा क्रमांक छापावा. सहा महिन्यांनी ‘माल खराब होता’ म्हणून पैसे कापणाऱ्या पार्टीला मग उत्तर देता येते.

कंडिशन, वॉरंटी, गॅरंटी

बोलताना आपण गॅरंटी-वॉरंटी एका दमात म्हणतो. कायद्यात कंडिशन म्हणजे सौद्याचा कणा. ती मोडली तर खरेदीदार सौदाच रद्द करू शकतो आणि माल परत करू शकतो. वॉरंटी ही जोडशर्त आहे. ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई, माल परत नाही. नमुना दाखवून माल विकला तर सगळा माल नमुन्यासारखा असणे ही कंडिशन आहे, ती लिहिलेली नसली तरी. म्हणून विकणाऱ्याने नमुन्याचा तुकडा दोघांच्या सहीने राखून ठेवावा. रंग उडाला की नाही याचा वाद त्या तुकड्यावर मिटतो.

गॅरंटी हा शब्द कायद्यात वस्तूपेक्षा माणसासाठी जास्त वापरला जातो. त्याकडे आता वळू, कारण सर्वांत जास्त घरे तिथेच अडचणीत येतात.

विटनेस, गॅरंटर, को-बॉरोअर

नात्यातला माणूस कर्ज काढतो आणि म्हणतो, "भाईजान, फक्त एक सही पाहिजे." ती सही कोणत्या शब्दाखाली आहे हे पाहिल्याशिवाय पेन उघडू नये.

विटनेस म्हणजे गवाह. समोरच्याने माझ्यासमोर सही केली, एवढेच तो सांगतो. कर्जाशी त्याचा संबंध नाही. गॅरंटर किंवा शुअरटी म्हणजे जामीन. कर्जदाराने पैसे दिले नाहीत तर जामिनाने द्यायचे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच मानली आहे. आधी कर्जदाराला गाठा, त्याचे काही विकून पाहा, मग माझ्याकडे या, असे जामीन म्हणू शकत नाही. करारात वेगळे लिहिले नसेल तर बँक सरळ जामिनाच्या दारात येऊ शकते. को-बॉरोअर त्याच्याही पुढे. तो स्वतःच कर्जदार असतो, पहिल्या दिवसापासून.

इन्डेम्निटी हा याच घरातला चौथा शब्द. त्यात दोनच माणसे असतात. ‘तुझे नुकसान झाले तर मी भरून देईन’ असे एकाने दुसऱ्याला दिलेले वचन. बिल्टी हरवली आणि माल सोडवायचा असेल तर वाहतूक कंपनी इन्डेम्निटी बाँड मागते तो हाच. गॅरंटीत तीन माणसे असतात, देणारा, घेणारा आणि मध्ये उभा राहिलेला जामीन. मध्ये उभे राहणे पुण्याचे काम असेल, पण घरातल्यांना विचारून आणि आपल्या ऐपतीइतक्याच रकमेला उभे राहावे. जामीनपत्रात रक्कम कोरी ठेवू देऊ नये. ‘कंटिन्यूइंग गॅरंटी’ असे लिहिले असेल तर ती एका कर्जापुरती नसते, पुढच्या व्यवहारांनाही लागू राहते. हे दोन शब्द दिसले की थांबून विचारा.

प्लेज, हायपोथिकेशन, मॉर्गेज, लीन

चारही तारणाचे प्रकार आहेत. प्लेजमध्ये वस्तू बँकेच्या किंवा सावकाराच्या ताब्यात जाते, जसे सोने. मराठी कागदांत याला ताबेगहाण म्हणतात. हायपोथिकेशनमध्ये वस्तू आपल्याकडेच राहते आणि हक्क बँकेचा लागतो. हे नजरगहाण. यंत्रमाग, टेम्पो, गोदामातला माल यांवर बहुधा हेच असते. माग आपल्या शेडमध्ये चालतो म्हणून तो विकता येतो असे नाही. बँकेला न विचारता विकला तर गुन्ह्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. मॉर्गेज फक्त स्थावरावर असते, म्हणजे घर, गाळा, जमीन.

लीन हा शब्द कारागिरांनी खास लक्षात ठेवावा, कारण तो त्यांच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर हुन्नर आणि मेहनत लावून काम केले असेल तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवण्याचा हक्क म्हणजे लीन. करार कायद्यात याची उदाहरणेच दिली आहेत. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवू शकतो. पण शिंप्याने ‘कोट तयार होताच देतो आणि पैसे तीन महिन्यांनी घेतो’ असे कबूल केले असेल तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे उधारी कबूल केली की लीन गेली. रंगाईवाल्याने, भरतकामवाल्याने चलनावर ‘मजुरी रोख, माल नेताना’ असे छापून घेतले तर हा हक्क शाबूत राहतो. आणि हा हक्क त्या मालावर केलेल्या कामापुरताच आहे. मागची जुनी बाकी वसूल करायला आजचा माल अडवता येत नाही, तसा वेगळा करार असल्याशिवाय.

बेअरर, ऑर्डर, क्रॉस्ड, अकाउंट पेयी

बेअरर चेक ज्याच्या हातात त्याचा. ‘बेअरर’ शब्द खोडला की तो ऑर्डर चेक होतो आणि पैसे नाव असलेल्याला किंवा तो सांगेल त्याला मिळतात. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा ओढल्या की क्रॉस्ड. मग खिडकीवर रोख मिळत नाही, पैसे बँक खात्यातूनच जातात. पण तो चेक पुढे दुसऱ्याच्या नावे करता येऊ शकतो. रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले की रक्कम फक्त नाव असलेल्याच्या खात्यात जमा होते. व्यापारी चेकला हाच शेवटचा प्रकार सर्वांत सुरक्षित.

कॅन्सल्ड चेक आणि ब्लँक चेक यांची गल्लत तर फारच महागात पडते. खात्याचा तपशील देण्यासाठी जो देतात तो कॅन्सल्ड चेक. त्यावर आडवे ‘कॅन्सल्ड’ लिहायचे, सहीची सहसा गरज नसते. सही करून रक्कम कोरी ठेवलेला तो ब्लँक चेक. ‘सिक्युरिटीसाठी आहे, टाकणार नाही’ असे सांगून लोक तो घेतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बिरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या खटल्यात सांगितले, की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटी दिला असेच कायदा आधी धरून चालतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर.

चेक परत आला तर तारखा पाळाव्यात. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकलेला असावा. न वटल्याची माहिती बँकेकडून आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पंधरा दिवस असतात. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी. ‘आज देतो, उद्या देतो’ यात तीस दिवस निघून जातात. दोस्ती ठेवा, पण नोटीसही वेळेवर पाठवा.

लीज आणि लायसन्स

लीज म्हणजे जागेत हक्क मिळणे. लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची फक्त परवानगी. ‘लीव्ह अँड लायसन्स’ या कागदाने भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत, मुदत संपली की जागा सोडायची. पण कागदाच्या मथळ्यावर सगळे ठरत नाही. नवी दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमध्ये केशकर्तनाचा धंदा करणाऱ्याला खोल्या दिल्या होत्या आणि कागदावर ‘लायसन्स’ लिहिले होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने खोल्यांचा पूर्ण ताबा त्याच्याकडे होता हे पाहून तो व्यवहार लीजच ठरवला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार हे करार लेखी आणि नोंदणीकृत असावे लागतात. साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलेल्या कागदावर भरवसा ठेवू नये.

निल रेटेड, एक्झेम्प्ट, झिरो रेटेड

तिन्हींत विक्रीवर कर शून्य दिसतो. निल रेटेड म्हणजे दर यादीतच शून्य टक्के. एक्झेम्प्ट म्हणजे कर माफ केलेला. या दोन्हींत आपण खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चात जातो. झिरो रेटेड म्हणजे मुख्यतः निर्यात. त्यात खरेदीवर दिलेला कर परत मागता येतो. आपला माल बाहेर देशी जात असेल आणि हिशोबनीस त्याला ‘एक्झेम्प्ट’ मध्ये टाकत असेल, तर आपला हक्काचा परतावा बुडतो. एवढी एक ओळ आजच तपासून पाहावी.

सही करण्यापूर्वी

इंग्रजी अस्खलित यायलाच पाहिजे असे मुळीच नाही. सवय मात्र बदलली पाहिजे. कागद पुढे आला की समजावणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. या शब्दाने माल कोणाचा राहतो? सौदा मोडला तर पैसे कोणाकडे राहतात? आणि समोरच्याने दिले नाही तर कोणाच्या दारात येतील? या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या भाषेत मिळाली नाहीत तर कागद घरी आणावा. एका रात्रीने सौदा पळत नाही. जो पळतो तो बहुधा घेण्यासारखा नसतो.

दुकानात एक वही ठेवावी. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला आपल्या बाजाराचा शब्द. अर्नेस्ट म्हणजे बयाणा, शुअरटी म्हणजे जामीन, विटनेस म्हणजे गवाह, अप्रूव्हल म्हणजे जांगड, हायपोथिकेशन म्हणजे नजरगहाण. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून ती लिहून घ्यावी. त्यांना धंदा कळेल आणि आपल्याला कागद. मोठा आणि महत्त्वाचा करार असेल तेव्हा मात्र वकिलाची फी वाचवू नये.